साठीनंतरची कंबरदुखी: घरचा व्यायाम कोणत्या क्रमाने करावा

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि पेशंटच्या घरी जाऊन काम करते. कंबर दुखते म्हणून बोलावणाऱ्या बहुतेक आजी-आजोबांना व्यायाम आधीच पाठ असतात. कुणाकडे दवाखान्यातून मिळालेला छापील कागद असतो, कुणाच्या मोबाइलमध्ये नातवाने पाठवलेला व्हिडिओ. पण सकाळी उठल्या उठल्या पायाचे अंगठे धरले जातात, लगेच पालथं होऊन छाती वर उचलली जाते, पहिल्याच दिवशी सगळे प्रकार वीस-वीस वेळा होतात आणि तिसऱ्या दिवशी कंबर धरते. मग "आपल्याला व्यायाम सोसत नाही" असं ठरवून तो कागद फ्रिजवरच्या डब्याखाली जातो. व्यायाम सोसतो. क्रम आणि मात्रा चुकलेली असते.

एक नियम सुरुवातीलाच सांगते, कारण पुढच्या प्रत्येक टप्प्यावर तो लागणार आहे. आजचा व्यायाम बरोबर झाला की नाही, हे उद्या सकाळची कंबर सांगते.

## व्यायाम नको, आधी डॉक्टर

घरच्या व्यायामाने सुधारणारी कंबरदुखी बहुतेक वेळा स्नायूंची, सांध्यांची किंवा वयाने झालेल्या झिजेची असते. पण या वयात काही दुखण्यांमागे वेगळं कारण असू शकतं. खालची एक जरी गोष्ट लागू असेल तर हा लेख आत्ता बाजूला ठेवा.

- लघवी अडते आहे किंवा नकळत होते आहे, शौचावरचा ताबा गेला आहे, किंवा दोन्ही मांड्यांच्या मधला, सायकलच्या सीटला टेकतो तेवढा भाग बधिर झाला आहे. यात सकाळ होण्याची वाट बघायची नाही. त्याच वेळी मोठ्या हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात जायचं.
- पायातली ताकद कमी होत चालली आहे. चालताना चप्पल नकळत निसटते, पाऊल जमिनीला घासतं.
- पडल्यानंतर दुखणं सुरू झालं. किंवा हाडं ठिसूळ आहेत, बरेच महिने स्टेरॉइडच्या गोळ्या चालू आहेत, आणि नुसती बादली उचलताना पाठीत कळ येऊन ती थांबतच नाही. मणका दबून फ्रॅक्चर झाल्याची शक्यता असते.
- संध्याकाळी बारीक ताप, वजन घटणं, भूक मरणं. आपल्याकडे मणक्याचा टीबी आजही होतो आणि तो कंबरदुखी म्हणूनच अंगावर काढला जातो.
- पूर्वी कॅन्सर झालेला आहे, किंवा दुखणं कोणत्याही कुशीवर कमी होत नाही आणि रात्र रात्र झोपू देत नाही.

यातलं काही नसेल तर पुढे चला. हृदयविकार असेल, अलीकडे कोणतंही ऑपरेशन झालं असेल, तर पुढचे टप्पे आपल्या डॉक्टरांना एकदा वाचून दाखवा.

एमआरआयच्या रिपोर्टबद्दल थोडं इथेच बोलते, कारण त्यातला "झीज" हा शब्द वाचून माणसं व्यायाम सोडतात. "मणक्यात गॅप आलाय, आता वाकायचं नाही" असं सांगत सहा-सहा महिने पलंगावर काढलेले लोक मी पाहिले आहेत. पाठ अजिबात न दुखणाऱ्या लोकांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात, ८० वर्षांच्या गटात ९६ टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या चकत्यांची झीज दिसली होती. केस पिकतात तशी चकतीही झिजते. रिपोर्टमधली झीज आणि तुमचं दुखणं यांचा संबंध डॉक्टरांना विचारून घ्या, पण नुसत्या त्या शब्दाला घाबरून झोपून राहू नका.

## तुमची कंबर कशाने दुखते?

दोन माणसांची कंबर एकाच जागी दुखते, पण एकाला ज्या व्यायामाने बरं वाटतं त्यानेच दुसऱ्याचं दुखणं वाढतं. शेजारच्या काकूंचा व्यायाम उसना घेण्यात हीच अडचण आहे. दोन दिवस स्वतःकडे नीट लक्ष द्या आणि खालच्या तीन प्रकारांपैकी आपण कशात मोडतो ते पाहा.

उभं राहिल्यावर, चालल्यावर दुखतं. बसलं किंवा पुढे झुकलं की सुटतं. थोडं चाललं की मांड्या-पोटऱ्या भरून येतात, मुंग्या येतात, मग बाकावर बसावं लागतं. भाजी घेताना हातगाडीच्या कडेवर हात टेकून ओणवं उभं राहिलं की बरं वाटतं. अशा वेळी मणक्यातली नसांची वाट अरुंद झालेली असण्याचा संभव मोठा असतो. तुम्ही पाठ मागे वाकवायची नाही. भुजंगासन तुमच्यासाठी नाही.

बसल्यावर, वाकल्यावर दुखतं. चार पावलं चाललं की मोकळं वाटतं. खोकताना-शिंकताना चमक निघते, कधी ती पायात उतरते. तुम्ही सुरुवातीचे काही आठवडे गुडघे छातीशी घेणं, पुढे वाकून पाय धरणं हे टाळायचं.

हाडं ठिसूळ आहेत. हाडांच्या घनतेच्या तपासणीत तसं आलं आहे, उंची कमी झाली आहे, पाठीला पोक येऊ लागला आहे, किंवा साध्या पडण्याने मनगट किंवा खुबा मोडलेला आहे. कमरेतून पुढे वाकण्याचे, पोटाच्या उठाबशांसारखे आणि झटक्याने पीळ देणारे सगळे प्रकार तुम्हाला बंद. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या तज्ज्ञांनी १९८४ साली, पाळी गेलेल्या आणि मणके ठिसूळ झालेल्या बायकांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्या गटात ८९ टक्के जणींचे मणके आणखी दबलेले आढळले, पाठ सरळ करणारे व्यायाम करणाऱ्या गटात १६ टक्के जणींचे. अभ्यास लहान होता, पण फरक एवढा मोठा आहे की ठिसूळ हाडांच्या आजींना पश्चिमोत्तानासन करताना पाहिलं की माझ्या पोटात गोळा येतो.

आपण कुठे बसतो ते कळत नसेल तरी हरकत नाही. टप्पा १ ते ६ तिन्ही प्रकारांना चालतात. फरक टप्पा ७ मध्ये आहे.

## तयारी

वेळ. उठल्यापासून पहिला तासभर व्यायाम नको. रात्रभर आडवं राहिल्याने मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात. तेव्हा वाकलं की त्यांच्यावर ताण जास्त येतो. तोंड धुणं, चहा, घरातल्या घरात थोडं फिरणं होऊ द्या. सकाळी दहा-अकराची किंवा संध्याकाळी चार-पाचची वेळ चांगली. जेवणानंतर दोन तास जाऊ द्या.

औषधं. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेत असाल तर रिकाम्या पोटी व्यायाम करू नका, जवळ साखर किंवा गूळ ठेवा. रक्तदाबाच्या आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी उठल्यावर चक्कर येते, म्हणून आडवं असताना झालेल्या व्यायामानंतर एकदम उभं राहायचं नाही. डॉक्टरांनी दिलेली दुखण्याची गोळी नेहमीच्या वेळी घ्या, पण व्यायाम जमावा म्हणून एक जास्तीची घेऊ नका. दुखणं दाबलं गेलं की कुठे थांबायचं ते कळत नाही.

जागा. जमिनीवर बसता-उठता येत असेल तर जाड सतरंजी, नाहीतर पलंग. जमिनीवर झोपून व्यायाम केला आणि नंतर उठता येईना म्हणून शेजाऱ्यांना हाका मारल्या, असं झालेलं आहे. पलंगावरची गादी खड्डा पडणारी नको. पातळ कापसाची गादी उत्तम. नुसत्या फळीवर झोपण्याची गरज नाही.

खुर्ची. लाकडी किंवा लोखंडी, हातांची, भिंतीला टेकवलेली. मोल्डेड प्लॅस्टिकची खुर्ची वापरू नका. उठता-बसता तिचे पाय गुळगुळीत फरशीवर फाकतात आणि माणूस खाली जातो.

कपडे. साडीचा घोळ पायात येतो. सलवार-कुर्ता, नाइट पँट किंवा सैल पायजमा. पायात मोजे असतील तर काढा, फरशीवर घसरतात.

कंबर आखडलेली असेल तर आधी १५ मिनिटं गरम पाण्याची पिशवी, टॉवेलात गुंडाळून. मधुमेहामुळे पायांची किंवा पाठीची संवेदना कमी असेल तर पिशवी दुसऱ्याने हात लावून तपासावी. भाजल्याचं कळत नाही आणि जखम महिनोन् महिने चिघळते.

फोन हाताशी ठेवा. पहिले चार-पाच दिवस घरात कुणीतरी असू द्या.

## टप्पा १: आडवं होणं आणि उठणं

याला कुणी व्यायाम म्हणत नाही, म्हणून कुणी शिकतही नाही. पण सकाळी पलंगावरून सरळ पुढे उठून बसताना कमरेला जो हिसका बसतो, तो रोज बसतो. पहिले दोन दिवस फक्त हेच केलंत तरी चालेल.

1. पलंगाच्या कडेवर बसा, पाय जमिनीवर.
2. उशीच्या बाजूच्या कोपरावर भार देत कुशीवर व्हा आणि त्याच वेळी दोन्ही पाय जोडीने वर घ्या.
3. गुडघे दुमडलेले ठेवूनच पाठीवर वळा. खांदे आणि कंबर एकदमच वळले पाहिजेत, लाकडाचा ओंडका लोटतो तसे.
4. उठताना हेच उलट क्रमाने. गुडघे दुमडा, अख्खे कुशीवर वळा, पाय कडेवरून खाली सोडा आणि हाताने गादी दाबत वर या.
5. कडेवर मिनिटभर बसा. मगच उभे राहा.

तपासा: वळताना खांदा आधी गेला आणि कंबर मागे राहिली का? मग पीळ बसला. पुन्हा करा.

थांबा: उठून बसल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर परत आडवे व्हा. असं वारंवार होत असेल तर आडवं असताना आणि उभं राहिल्यावर, असा दोन्ही वेळा रक्तदाब मोजून घ्या.

## टप्पा २: कंबर गादीला टेकवणं

पुढचा सगळा व्यायाम यावर उभा आहे, म्हणून इथे घाई नको.

पाठीवर झोपा, डोक्याखाली एक पातळ उशी. पोक असेल तर थोडी जाड घ्या, हनुवटी छताकडे जाता कामा नये. गुडघे दुमडून तळपाय गादीवर. आता एक तळहात कमरेखाली सरकवा. तिथे छोटी कमान असते, हात सहज जातो. ओटीपोट हलकेच आत घेत त्या कमरेने तळहात दाबा. पाच सेकंद धरा, सोडा.

पोट किती आत घ्यायचं? परकराची किंवा पायजम्याची नाडी बांधताना घेतो तेवढंच. छाती फुगली, मान ताठली, पाय गादीत रुतले, तर तुम्ही कमरेऐवजी सगळं शरीर वापरताय.

नाशिकरोडच्या एका आजींकडे हा टप्पा शिकवताना आठवडाभर अडलं होतं. वय ७८. कमरेखालच्या हातावर दाब आला की त्यांच्या बांगड्या किणकिणायच्या, पण चेहरा लाल व्हायचा. श्वास कोंडून त्या जोर करत होत्या. "आजी, मोजा" म्हटलं तर मनात मोजायच्या, म्हणजे श्वास कोंडलेलाच. शेवटी म्हटलं, मोजू नका, रामकृष्णहरी म्हणा, मला ऐकू येईल असं. तोंडाने बोलताना श्वास कोंडता येत नाही. संथपणे तीन वेळा "रामकृष्णहरी" झालं की साधारण पाच सेकंद होतात. दुसऱ्या दिवशी चेहरा शांत आणि बांगड्यांचा आवाज मात्र बरोबर वेळेवर. आता मी सगळ्यांना बोलूनच व्यायाम करायला सांगते. जे म्हणायचं ते म्हणा, पण मोठ्याने. जोर लावताना श्वास कोंडला की रक्तदाब चढतो, आणि या वयात तो धोका घ्यायचं कारण नाही.

पहिल्या दिवशी ५ वेळा. त्रास नसेल तर आठवड्याभरात १० वर जा.

तपासा: कमरेखालचा हात काढल्यावरही, हात तिथेच आहे अशा कल्पनेने तोच दाब देता येतो का? येत असेल तर पुढच्या टप्प्याला तयार आहात.

## टप्पा ३: टाच सरकवणं

टप्पा २ चीच स्थिती. कंबर हलकी टेकवा आणि तशीच ठेवून उजवी टाच गादीवरून हळूहळू पुढे सरकवा, पाय जवळजवळ सरळ होईपर्यंत. तशीच परत आणा. मग डावी. टाच गादीवरून उचलायची नाही. चादर चुरगळत असेल तर टाचेखाली एक गुळगुळीत प्लॅस्टिकची पिशवी ठेवा.

पाय पुढे जाताना कंबर वर उचलली जाते, ती उचलू द्यायची नाही, इतकंच यातलं काम. जिथे ती उचलते तिथे थांबा आणि परत या. काहींचा पाय पहिल्या दिवशी अर्धाच जातो. तेवढं पुरे. दोन्ही पायांनी ५-५ वेळा.

टाळा: दोन्ही पाय सरळ ठेवून एकदम वर उचलणं. "पोट कमी होतं" म्हणून हा प्रकार फार लोकप्रिय आहे. पायांचा सगळा भार कमरेवर लटकतो. दुखऱ्या कमरेसाठी यापेक्षा वाईट व्यायाम मला माहीत नाही.

## पहिली मोठी तपासणी: उद्या सकाळची कंबर

टप्पा १ ते ३ आठवडाभर रोज करा आणि रोज सकाळी उठल्यावर स्वतःला विचारा, कालच्यापेक्षा कंबर कशी आहे? उत्तर लक्षात ठेवू नका, लिहा. स्वयंपाकघरात भिंतीवर कालनिर्णय असतंच, दुधाचा हिशोब लिहितो त्याच चौकोनात एक खूण करा.

- कालच्याइतकी किंवा बरी: टिंब. आज तेवढंच किंवा दोन वेळा जास्त.
- व्यायामानंतर दुखलं पण दोन तासांत कमी झालं: तेही टिंब. शून्य म्हणजे अजिबात नाही आणि दहा म्हणजे असह्य असं धरलं, तर दहापैकी तीनपर्यंतचं दुखणं चालतं. मांड्या-कुल्ल्यांत व्यायामाचा ठणका असेल तर तो स्नायूंचा आहे, दोन दिवसांत जातो.
- सकाळी कालच्यापेक्षा जास्त दुखतंय: फुली. आज निम्मी मात्रा. बंद करू नका.
- दुखणं कमरेतून पायात खाली उतरलं, मुंग्या वाढल्या: दोन फुल्या. शेवटी जो प्रकार वाढवला तो बंद करा.

पायातलं दुखणं वर सरकत फक्त कमरेत गोळा झालं, तर कंबर जास्त दुखते असं वाटून लोक घाबरतात. ती चांगली खूण आहे. दुखणं खाली जाणं वाईट, वर येणं चांगलं.

आठवड्यात पाच टिंबं झाली तरच पुढचा टप्पा जोडा. नाहीतर आणखी एक आठवडा इथेच.

## टप्पा ४: पूल

तीच स्थिती, गुडघे दुमडलेले, पावलांमध्ये वीतभर अंतर. कंबर टेकवा, कुल्ले आवळा आणि मग बूड गादीपासून चार बोटं वर उचला. रामकृष्णहरी दोनदा. सावकाश खाली. एवढंच.

लोक छताला भिडायला निघाल्यासारखे उंच उचलतात. तेव्हा कमरेची कमान होते आणि काम कुल्ल्यांऐवजी कंबर करते. चार बोटं म्हणजे चारच बोटं. मांडीच्या मागे गोळा आला तर टाचा बुडाच्या थोड्या जवळ घ्या आणि पुन्हा आधी कुल्ले आवळून मगच उचला. मानेवर भार येता कामा नये.

५ वेळांपासून सुरू करून दोन आठवड्यांत १०. त्यानंतर मध्ये मिनिटभर विश्रांती घेऊन दुसरी खेप.

## टप्पा ५: खुर्चीतून उठणं-बसणं

सगळ्या यादीतून एकच प्रकार निवडायला सांगितलं तर मी हा निवडीन. मांड्या आणि कुल्ले दमले की उठण्या-बसण्याचं काम कंबर करू लागते, आणि तिचं ते काम नव्हे.

1. खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागात या. पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे.
2. पाठ सरळ ठेवून जांघेतून पुढे झुका, नाक पायाच्या बोटांच्या वर येईपर्यंत. कंबर गोल करून नव्हे.
3. श्वास सोडत, टाचांवर भार देत उठा. हातांचा आधार लागला तर घ्या.
4. बसताना बूड मागे नेत तीन अंक मोजत खाली या. धपकन बसू नका. धपकन बसण्याचा दणका सरळ मणक्यांवर जातो.

गुडघे दुखत असतील तर बैठक उंच करा. घोंगडी किंवा जाजम घडी करून खुर्चीवर ठेवा. आठवड्या-दोन आठवड्यांनी एकेक घडी कमी करा. सोफ्यावरून हा व्यायाम होत नाही, त्याची बैठक खोल आणि मऊ असते.

५ वेळा, दिवसातून दोनदा. दहा वेळा हात न लावता जमू लागलं की बसण्याचा वेग आणखी कमी करा.

थांबा: छातीत दडपण, वाजवीपेक्षा जास्त धाप, घाम. बसा, घरच्यांना बोलवा आणि आजच डॉक्टर गाठा. बसूनही दडपण कमी होत नसेल तर १०८ ला फोन करा.

## टप्पा ६: ओट्यापाशी

स्वयंपाकाचा ओटा घट्ट असतो आणि बहुतेकांच्या हाताला बरोबर उंचीवर येतो. दोन्ही हात त्याच्या कडेवर टेकून उभे राहा. फरशी कोरडी आहे ना ते आधी पाहा, सिंकच्या समोरची बहुतेक वेळा ओली असते.

पहिला प्रकार, टाचा उचलून चवड्यांवर येणं आणि सावकाश खाली, १० वेळा. दुसरा, एक पाय सरळ ठेवून मागे नेणं, वीतभरच. अंग पुढे झुकायचं नाही आणि कमरेची कमान करायची नाही. ८-८ वेळा. तिसरा, तोच पाय बाजूला नेणं, बोटं समोर ठेवून.

मग वाकायला शिका. हातात सामान असताना आपण बुडाने दार लोटतो, तसं बूड मागे न्या. गुडघे थोडे दुमडतील, पाठ सरळच राहील, घडी फक्त जांघेत पडेल. ओटा धरून असं ५ वेळा. जमलं की बादली उचलताना, गॅस सिलिंडरचा नॉब फिरवताना, नातवंडाची चप्पल उचलताना हेच वापरा. केर काढायला लांब दांड्याचा झाडू आणा. पाण्याची बादली स्टुलावर ठेवा, अर्धीच भरा. दिवसातून वीस वेळा चुकीचं वाकून वीस मिनिटांच्या व्यायामाने ते भरून निघत नाही.

## टप्पा ७: ताण, सगळ्यात शेवटी

ताण दिल्यावर लगेच बरं वाटतं म्हणून लोक सुरुवातच यापासून करतात, आणि बहुतेक जण इथेच संपवतात. ताकद वाढवणारे टप्पे राहून जातात. अंग गरम झाल्यावर, शेवटी, पाच मिनिटं.

चालताना दुखतं अशांनी: पाठीवर झोपून एक गुडघा छातीकडे, हात गुडघ्यावर नाही तर मांडीच्या मागे. १५ सेकंद, दोन्ही बाजूंनी ३ वेळा. खुब्याचा सांधा बदललेला असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.

बसताना-वाकताना दुखतं अशांनी: भिंतीकडे तोंड करून उभे राहा, तळहात भिंतीवर, आणि छाती हलकेच पुढे भिंतीकडे न्या. सवय झाल्यावर पालथं झोपून दोन मिनिटं नुसतं पडून राहणं. त्यानंतर, पायात काही उतरत नसेल, तरच कोपरांवर येणं.

ठिसूळ हाडांच्यांनी: भिंतीला पाठ लावून उभे राहा, टाचा चार बोटं पुढे, आणि डोक्याचा मागचा भाग भिंतीकडे न्यायचा प्रयत्न करा. टेकला नाही तरी चालेल. खांद्यांची पाती जवळ आणा, ५ सेकंद, ८ वेळा. पुढे वाकण्याचा एकही ताण नको, हाडांसाठी औषधं चालू असली तरी नको. वरच्या दोन प्रकारांपैकी एकात बसत असाल आणि हाडंही ठिसूळ असतील, तर हाडांचा नियम मोठा.

## चालणं पहिल्या दिवसापासून

चालायला टप्प्यांची वाट बघू नका. कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ लोकांवर ऑस्ट्रेलियात झालेला एक अभ्यास २०२४ साली 'द लॅन्सेट'मध्ये आला. हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच वेळा ३० मिनिटं चालण्याचं लक्ष्य ठेवणाऱ्यांपैकी निम्म्यांचं दुखणं परतायला २०८ दिवस लागले, असा कार्यक्रम न दिलेल्यांपैकी निम्म्यांचं ११२ दिवसांतच परतलं.

तुमची सुरुवात ३० मिनिटांची नको. सपाट रस्त्यावर ५ मिनिटं, सकाळ-संध्याकाळ. दर आठवड्याला दोन मिनिटं वाढवा. पाय भरून येणाऱ्यांनी ते भरून यायच्या आधीच बसायचं. दहा मिनिटांनी भरत असतील तर आठव्या मिनिटाला बाकावर दोन मिनिटं, मग पुन्हा. "अजून थोडं चालू" म्हणून रेटल्याने क्षमता वाढत नाही, दुसऱ्या दिवशीचं चालणं बुडतं. स्लीपर नको, मागे पट्टा असलेली चप्पल किंवा बूट. काठी लाज वाटण्याची वस्तू नाही.

## पट्टा, आणि वाईट दिवस

कमरेचा पट्टा दिवसभर बांधून व्यायाम होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली जुनाट कंबरदुखीसाठी काढलेल्या मार्गदर्शनात पट्टे नेहमीचा उपचार म्हणून वापरू नयेत आणि ट्रॅक्शनही, म्हणजे वजन लावून कंबर ताणणंही नको, असं सांगितलं आहे. फ्रॅक्चर किंवा ऑपरेशननंतर डॉक्टरांनी दिलेला पट्टा वेगळा, तो त्यांना विचारूनच सोडा.

मध्येच कधीतरी उसण भरेल. लग्नघरी तासन् तास बसणं झालं, एसटीचा लांबचा प्रवास झाला, किंवा काहीच कारण सापडलं नाही, तरी. त्या दिवशी पूर्ण झोपून राहू नका. पाठीवर, गुडघ्यांखाली दोन उशा घेऊन १५-२० मिनिटं पडा, शेक घ्या आणि दर तासाला घरातल्या घरात एक फेरी मारा. व्यायामात फक्त टप्पा १ आणि २, त्याही निम्म्या मात्रेत. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टप्पा ३ जोडा. आठवडाभरात आधी जिथे होतात तिथे परत या, पण प्रत्येक प्रकार दोन वेळा कमी करून. चार दिवस झाले आणि दुखणं तसूभरही हललं नाही, तर पहिल्या भागातली लक्षणांची यादी पुन्हा वाचा आणि डॉक्टरांना दाखवा.

ताकद वाढायला सहा ते आठ आठवडे लागतात. दुखणं मात्र त्याच्या आधीच, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कमी होतं, आणि नेमका तिथेच व्यायाम सुटतो. त्या दिवसापासून आडवे व्यायाम एक दिवसाआड केलेत तरी चालेल. टप्पा ५ आणि ओट्यापाशीचे प्रकार आठवड्यातून तीन दिवस चालू ठेवा, चालणं रोज. आणि महिना संपला की कॅलेंडरचं पान मागे उलटण्याआधी त्यावरची टिंबं मोजा.